आईचे दूध आणि कारखान्याचा भोंगा



या वसंत व्याख्यानमालेसाठी मी माझा विषय कळविला, तेव्हा चालकांपैकी एका स्नेह्यांनी मुद्दाम फोन करून विचारले, "भाऊ, दुसऱ्या कुणा वक्त्याचा विषय चुकून तुमच्या नावावर पडला नाही ना?" त्यांचे विचारणे रास्त होते. बोनस, किमान वेतन, कंत्राटी पद्धत, हे माझे नित्याचे विषय. गेटसभेत उभे राहून बोलणे ही माझी सवय. अशा माणसाने आईच्या दुधातील रोगप्रतिकारक द्रव्यांवर बोलावे हे चमत्कारिक वाटणारच. शिवाय मी डॉक्टर नाही. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते नगर वाचनालयाच्या बाकावर आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात, तारखेची वाट पाहत. तेव्हा विज्ञानातले जे सांगेन ते शिकलेल्या माणसांकडून उसने घेतलेले आहे. माझे स्वतःचे म्हणण्यासारखे एवढेच की, हे विज्ञान आणि कामगारांचा इतिहास यांची गाठ कुठे पडते, हे मी माझ्या बाजूने पाहिले आहे.

ती गाठ प्रथम माझ्या घरातच पडली, म्हणून तिथूनच आरंभ करतो.

१९७८ च्या हंगामातली गोष्ट. माझी माय आपल्याच जिल्ह्यातल्या एका जिनात कामाला होती. कोणत्या, ते सांगत नाही. ते जिन आता राहिलेले नाही, आणि तेव्हाची तऱ्हा बहुतेक ठिकाणी सारखीच होती. कापूस उचलून यंत्रापाशी नेऊन टाकायचा, सरकी ओढायची, हे बायकांचे काम. माझी धाकटी बहीण त्या वेळी चार महिन्यांची होती आणि मी आठ वर्षांचा. दुपारी तिला कडेवर घेऊन मी जिनाच्या फाटकाशी जात असे. एके दिवशी पहारेकऱ्याने सांगितले, "लेकरू आत नेता येत नाही, अन् बाईले भोंग्याबिगर बाहेर सोडता येत नाही." तो काही दुष्ट नव्हता. त्याला तसा हुकूम होता. दोनचार दिवस फाटकाशी रडणाऱ्या लेकराला घेऊन मी परत आलो. मग आजीने गाईच्या दुधात पाणी घालून वाटीचमच्याने पाजायला सुरुवात केली. तिकडे मायचे पोलके भिजत असे आणि ती कापसाच्या ढिगाआड जाऊन दूध पिळून टाकीत असे. हे तिने मला फार वर्षांनी सांगितले. संक्रांतीनंतर बहिणीला हगवण लागली आणि चौथ्या दिवशी ती गेली.

कारखान्याने तिला मारले असे मी म्हणणार नाही. आमच्या वस्तीचे पाणी गढूळ होते, दवाखाना लांब होता, आणि हगवणीत मीठसाखरेचे पाणी पाजावे हे आम्हां कुणालाच ठाऊक नव्हते. परंतु ढिगाआड मातीत सांडत होते ते नुसते दूध नव्हते. ते काय होते, हे कळायला मला पुढे पंचवीस वर्षे लागली. आज तेच आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

गोठ्यातले ज्ञान

आपल्यापैकी बहुतेकांनी खरवस खाल्लेला आहे. गाय किंवा म्हैस व्याली की पहिल्या एकदोन दिवसांचे दूध घट्ट व पिवळसर येते, त्याला आपण चीक म्हणतो. तापविला की तो थिजतो, कारण त्यात प्रथिने भरपूर असतात. परंतु जाणता शेतकरी खरवसाची घाई करीत नाही. आधी वासरू चीक प्याले की नाही ते पाहतो. चीक न मिळालेले वासरू बहुधा जगत नाही, हे त्याला बापआजांपासून माहीत असते.

कारण मात्र विज्ञानाने पुढे सांगितले. गाईच्या वारेतून रोगाशी लढणारी प्रतिद्रव्ये पोटातल्या वासराकडे जात नाहीत. ते जन्मते तेव्हा त्याची त्या बाबतीतली झोळी रिकामी असते. पहिल्या दिवसातच चिकातली प्रतिद्रव्ये आतड्यातून त्याच्या रक्तात जातात आणि ते वाचते. माणसाची रीत थोडी निराळी आहे. मानवी आई पोटातल्या बाळाला वारेतून आपल्या रक्तातली प्रतिद्रव्ये आधीच देऊन ठेवते. मात्र जन्मल्यावर ज्या वाटेने सर्वांत जास्त शत्रू येतात, ती म्हणजे तोंड, घसा आणि आतडे. तिथल्या पहाऱ्यासाठी तिने दुधात वेगळी तजवीज केलेली असते, आणि ती सर्वांत दाट असते पहिल्या दिवसांच्या चिकात.

आता आपला विपरीत न्याय पाहा. गाईचा चीक वासराला पाजलाच पाहिजे हे ज्या घराला कळत होते, त्याच घरात बाळंतिणीचा चीक 'जड' किंवा 'नासका' म्हणून पिळून टाकण्याची चाल होती. बाळाला दोनतीन दिवस गूळपाणी, मध, नाहीतर एरंडेलाचे बोट. गोठ्यातले शहाणपण माजघरात पोचले नाही. याला कारखाना जबाबदार नव्हता. दोष पाहायचा तर आपल्या घरचाही पाहिला पाहिजे, म्हणून हे आधी सांगितले.

उंदरांची अदलाबदल

दुधातून रोगाविरुद्धचे बळ मिळते, हे प्रयोगाने सिद्ध केले पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने. त्याने वापरलेली साधने आपल्या ओळखीची आहेत. सोनार पूर्वी गुंजेने सोने तोलीत. त्या गुंजेच्या बीत आणि एरंडाच्या बीत जहाल विष असते. एर्लिखने उंदरांना हे विष अगदी अल्प मात्रेत देत देत वाढविले, तेव्हा ते उंदीर एरवी मारक ठरणारी मात्राही पचवू लागले. मग त्याने प्रश्न केला, हे बळ पिलांत कसे उतरते? नराकडून की मादीकडून? पोटातून की दुधातून?

त्याची युक्ती साधी होती. अशा कणखर मादीची पिले आणि साध्या मादीची पिले यांची त्याने अदलाबदल केली. साध्या मादीची पिले कणखर मादीच्या अंगावर पिऊ लागली आणि विषाला तोंड देऊ लागली. म्हणजे बळ दुधातूनही मिळत होते. नराकडून ते मुळीच येत नव्हते. हे त्याने १८९२ साली प्रसिद्ध केले. पुढे १९०८ साली रोगप्रतिकाराच्या संशोधनाबद्दल त्याला मेचनिकॉफबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

हे १८९२ साल लक्षात ठेवा. आता आपण बर्लिनहून मुंबईस आणि वऱ्हाडास येऊ.

चरखीपासून जिनापर्यंत

आपल्याकडे कापसातून सरकी काढण्याचे काम पूर्वी हाताच्या चरखीवर, घरच्या ओसरीवर होत असे, आणि ते मुख्यतः बायकांचे असे. कष्ट फार आणि दाम थोडा. त्या काळाचे गोडवे मी गाणार नाही. परंतु एक गोष्ट खरी की, बाई चरखी फिरवीत असता तिचे लेकरू हाताच्या अंतरावर असे. १८६७ पर्यंत रेल्वे मुंबईहून वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोचली. १८७० साली जलंब-खामगाव फाटा सुरू झाला, आणि खामगावचा कापूस थेट मुंबईच्या गोदीकडे जाऊ लागला. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव या पट्ट्यात यंत्राची जिने व प्रेस उभे राहिले. काम ओसरीवरून आवारात गेले, आवाराला फाटक आले, फाटकाला भोंगा आला. आई आणि लेकरू यांच्यामध्ये प्रथमच एक भिंत उभी राहिली.

मुंबईच्या गिरण्यांत तर हजारो बायका होत्या. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना बांधली. २४ एप्रिल १८९० रोजी त्यांनी भरविलेल्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले होते, आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. पुढच्या वर्षी, १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने, स्त्रियांच्या कामाला दिवसाला अकरा तासांची मर्यादा घातली.

म्हणजे दुधात संरक्षण आहे हे बर्लिनमध्ये छापले जात होते, त्याच सुमारास आपल्याकडे आईने दिवसाचे अकरा तास लेकरापासून दूर राहणे ही सुधारणा मानली जात होती, आणि त्याआधीच्या मानाने ती सुधारणा होतीही. या दोन गोष्टींची एकमेकींशी भेट व्हायला फार काळ जावा लागला.

मधल्या काळात लेकरांचे काय होत होते? मुंबई सरकारने गिरण्यांतील स्त्रियांची पाहणी करण्यासाठी डॉ. बार्न्स या डॉक्टरबाई नेमल्या होत्या. १९२२ साली त्यांनी नोंदविले की, कामगार बायकांच्या शंभरांतल्या अठ्ठ्याण्णव मुलांना अफू दिली जाते. 'बाळागोळी' या गोड नावाने ती चाळीचाळीतून मिळत असे. आई दहा तास बाहेर, लेकरू भुकेने रडणार, शेजारीण किती सांभाळणार? गोळी दिली की ते निजून राही. भूक मेली, पण पोट रितेच राहिले. १९२१ साली मुंबईतील बालमृत्यूचा आकडा हजार नोंदलेल्या जन्मांमागे सहाशेच्या वर गेला होता. पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी जात आणि त्या जन्मांची नोंद मुंबईत होत नसे, त्यामुळे हा आकडा खऱ्याहून फुगलेला आहे, हे सांगितले पाहिजे. परंतु तेवढी वजावट करूनही जे उरते ते भयंकरच आहे.

अशा वेळी कामगार चळवळीने पहिले पाऊल टाकले. ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूती-भत्त्याचे विधेयक मांडले. पुढच्या वर्षी ते फेटाळले गेले. मग हा प्रश्न मुंबईच्या कायदे कौन्सिलात आला. २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या विधेयकाच्या बाजूने बोलले. प्रसूतीच्या मागेपुढे आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे आणि तिच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकाने त्याचा भार काही अंशी उचलणे योग्य आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. १९२९ साली मुंबई प्रांतात कायदा झाला. १९३० साली मध्यप्रांतानेही तसा कायदा केला.

या लोकांपुढे दुधातल्या द्रव्यांची यादी नव्हती. त्यांनी आईचा थकवा पाहिला, लेकराची भूक पाहिली, आणि माणुसकीने व व्यवहाराने जे सुचले ते केले. विज्ञानाचा दाखला पाठीशी येण्यापूर्वीच त्यांनी बरोबर जागी बोट ठेवले होते.

१९६१ साल

पुढे स्वातंत्र्य आले. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असतील त्या कारखान्यात पाळणाघर बंधनकारक केले. १९७६ मध्ये ही मर्यादा तिसांवर आली. १९६१ साली साऱ्या देशासाठी प्रसूतिलाभ कायदा झाला. त्यात बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळात अंगावर पाजण्यासाठी दोन जादा सुट्ट्या आईला मिळाल्या.

योगायोग असा की, त्याच १९६१ साली लार्स हॅन्सन या स्वीडनमधल्या तरुण डॉक्टराने दाखवून दिले की, आईच्या दुधातले मुख्य प्रतिद्रव्य हे रक्तातल्यासारखे नसते. त्याची घडण निराळी असते. पुढे त्याला स्रावी आयजीए असे नाव पडले. रक्तातले साधे प्रतिद्रव्य पोटात गेले तर पाचकरस त्याचे तुकडे करतात. या दुधातल्या प्रतिद्रव्यावर एक जादा चिलखत असते, त्यामुळे ते आतड्यात शाबूत राहते. ते बाळाच्या रक्तात फारसे जात नाही, आणि त्याला जायचेही नसते. ते आतड्याच्या अस्तरावर उभे राहून येणाऱ्या जंतूला मिठी मारून धरते आणि भिंतीला चिकटू देत नाही. यात दंगा नाही, सूज नाही, ताप नाही. शांततामय पिकेटिंग म्हणतात ते हेच, असे माझ्यासारख्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही. पहिल्या दिवसांच्या चिकात ते लीटरला दहा ग्रॅमच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त असते. पुढच्या दुधात ते एक ग्रॅमच्या आसपास उतरते. परंतु तोवर बाळ पिते पुष्कळ, त्यामुळे रोजचा पुरवठा चालूच राहतो. बाळाचे स्वतःचे असे प्रतिद्रव्य तयार व्हायला आठवडे व महिने लागतात. मधली पोकळी आई भरून काढते.

हा पहारेकरी एकटा नसतो. लॅक्टोफेरिन नावाचे प्रथिन दुधातले लोह धरून ठेवते. जंतूंना वाढायला लोह लागते, ते न मिळाल्याने त्यांची उपासमार होते. लायसोझाइम हा विकर कित्येक जंतूंची भिंत फोडतो. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंगनेच त्याआधी, १९२२ साली, हा विकर प्रथम शोधला होता. आईच्या दुधात तो गाईच्या दुधापेक्षा कितीतरी पटींनी अधिक असतो. जिवंत पांढऱ्या पेशी असतात. आणि सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे दुधात दोनशेहून अधिक प्रकारच्या अशा शर्करा असतात, ज्या बाळाला पचतच नाहीत. मग आई त्या कशासाठी बनविते? त्यांतल्या काही बाळाच्या आतड्यातल्या मित्रजंतूंचे अन्न होतात. ते मित्र वाढले की शत्रूंना जागा उरत नाही. काही शर्करा आतड्याच्या भिंतीचे सोंग घेतात. रोगजंतू भिंत समजून त्यांनाच चिकटतो आणि बाहेर वाहून जातो.

परंतु माझ्या दृष्टीने या साऱ्या इतिहासातला कळीचा शोध १९७५ सालचा आहे. हॅन्सन आणि त्यांचे सहकारी यांनी काही गरोदर स्त्रियांना बाळंतपणाच्या सुमारास निरुपद्रवी जंतू पोटात दिले. त्या जंतूंविरुद्धची प्रतिद्रव्ये बनविणाऱ्या पेशी त्यांच्या चिकात सापडल्या. रक्तात मात्र तसे प्रतिद्रव्य वाढले नाही. म्हणजे आईच्या आतड्यात एखादा जंतू आला की त्याला ओळखलेल्या पेशी तिथून निघून स्तनापर्यंत प्रवास करतात आणि तिथे त्या जंतूविरुद्धचे द्रव्य तयार करून दुधात सोडतात.

याचा अर्थ आपण नीट ध्यानात घ्यावा. आई ज्या विहिरीचे पाणी पिते, ज्या वस्तीत राहते, ज्या हवेत श्वास घेते, तिथले जंतू तिच्या अंगात जातात आणि त्यांच्यावरचा उतारा तिच्या दुधात उतरतो. बाळही त्याच वस्तीत वाढणार असते. हे औषध त्या गावासाठी, त्या हंगामासाठी, त्या घरासाठी रोज ताजे बनते. डब्यातल्या भुकटीत पोषण घालता येते. अलीकडे यांतल्या एकदोन शर्कराही घालतात. परंतु आमच्या वस्तीच्या गढूळ पाण्यातला जंतू कोणता, हे त्या डब्याला कसे कळावे? ते माझ्या मायच्या शरीराला कळले होते. तिचे उत्तर तयार होते. ते कापसाच्या ढिगाआड मातीत जात होते आणि तिकडे लेकरू त्याच वस्तीचे पाणी घातलेले दूध पीत होते.

एकशेसाठ दिवस

आपण विचाराल, १९६१ चा कायदा तर १९७८ साली होताच, मग तुमच्या आईला त्या दोन सुट्ट्या का मिळाल्या नाहीत? पुढे मी संघटनेच्या कामात पडलो तेव्हा मलाही हा प्रश्न पडला. त्याची दोन उत्तरे मिळाली.

पहिले असे की, मायचे नाव मस्टरवर नव्हतेच. तिला मुकादम आणीत असे आणि आठवड्याच्या हिशोबाने पैसे देई. दुसरे उत्तर अधिक बोचणारे आहे. नाव मस्टरवर असते, तरी मूळ कायद्याप्रमाणे प्रसूतीचा भत्ता मिळण्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत एकशेसाठ दिवस काम भरलेले असावे लागे. आमच्याकडच्या जिनाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन चारपाच महिन्यांत आटोपे. सुट्ट्या आणि खाडे वजा करता एकशेसाठ दिवस भरायचे कसे? कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यापुढे बारमाही गिरणी होती, कापसाचा हंगाम नव्हता. १९८८ च्या दुरुस्तीने ही अट ऐंशी दिवसांवर आली. २०१७ साली रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आली. पाजण्याच्या दोन सुट्ट्या व पाळणाघर या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आल्या आहेत.

कागदावर एवढे मिळाले, ते थोडे नाही. परंतु कापूस वेचणारी, वीटभट्टीवर विटा वाहणारी, बांधकामावर घमेले उचलणारी, कंत्राटदाराकडून कारखान्यात येणारी बाई आजही बहुधा मस्टरच्या बाहेर आहे. तिच्या बाळाच्या आतड्याला मात्र मस्टर समजत नाही.

बाजार आणि बँक

भिंत एकट्या कारखान्यानेच घातली असे नाही. बाजारानेही घातली. गुटगुटीत बाळाच्या चित्रांचे डबे आले, आणि सुशिक्षित घरांतही अंगावर पाजणे मागासलेपणाचे वाटू लागले. १९८१ साली जागतिक आरोग्य परिषदेने या जाहिरातींना आळा घालणारी आचारसंहिता मंजूर केली. आपल्याकडे १९९२ साली कायदा होऊन डब्याच्या दुधाची व बाटल्यांची जाहिरात बंद झाली.

याच काळात इस्पितळांतून एक चांगली गोष्ट घडत होती. १९८० साली दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयातील डॉ. इंदिरा नारायणन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, कमी वजनाच्या नवजात बाळांना दिवसाच्या आहारातला काही भाग जरी आईच्या काढलेल्या दुधाचा दिला, तरी त्यांना जंतुसंसर्ग कमी होतात. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी काढली. आशियातली ही पहिली. ज्यांना दूध जास्त येते त्या माता ते देतात. दात्या मातेची तपासणी होते. दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून जंतुरहित करतात आणि अपुऱ्या दिवसांच्या किंवा आई अत्यवस्थ असलेल्या बाळांना देतात. तापविल्याने जिवंत पेशी मरतात, प्रतिद्रव्यांचा काही भाग नष्ट होतो, परंतु बराच टिकतो. शर्करा तर जवळजवळ तशाच राहतात.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मस्थान आपल्याच जिल्ह्यात आहे. त्यांचा नातू संभाजीराजे यांना मातोश्री सईबाईंच्या आजारपणामुळे कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांनी आपल्या अंगावर पाजले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. राजपुत्राला एक धाराऊ मिळाली. शीवच्या त्या सार्वजनिक इस्पितळाने झोपडीतल्या बाळालाही धाराऊ मिळवून दिली, एवढाच फरक, आणि तो मोठा आहे.

शेवटचे दोन शब्द

आता एक खबरदारी. आईच्या दुधाचे गुण सांगता सांगता आईलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची आपल्याकडे खोड आहे. काहींना दूध येत नाही, काही आजारी असतात, काहींचे औषधोपचार आड येतात. त्यांना बोल लावण्याचा कुणाला अधिकार नाही. एचआयव्हीसारखा विषाणू दुधातून जाऊ शकतो, आणि तिथे औषधे व डॉक्टरचा सल्लाच प्रमाण. आईचे दूध लसीची जागा घेत नाही, शुद्ध पाण्याचीही घेत नाही. २०२० च्या नोंदीप्रमाणे महाराष्ट्रातील बालमृत्यूचे प्रमाण हजारी सोळापर्यंत खाली आले. त्याचे श्रेय लस, पाणी, दवाखाने, शिक्षण आणि दूध या सर्वांचे मिळून आहे.

परंतु एक काम अर्धे राहिले आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे आपल्या राज्यात जन्मल्यापासून तासाभरात अंगावर पाजली गेलेली बाळे निम्म्याहून थोडीच अधिक निघाली. आज गावोगाव आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात, बाळ सहा आठवड्यांचे होईपर्यंत ठरल्या दिवशी पाहून येतात आणि सांगतात, 'चीक टाकू नका, बाळाला पाजा.' त्या स्वतः मानधनावर आहेत. त्यांच्या मोर्चात मी असतो तेव्हा मला माझी माय आठवते. दुसऱ्याच्या लेकराला आईजवळ ठेवा म्हणून सांगणाऱ्या या बायकांची स्वतःची लेकरे त्या वेळी कुणाजवळ असतात, हे कुणी विचारीत नाही.

श्रोतेहो, एर्लिखच्या उंदरांपासून आजपर्यंत विज्ञानाने सव्वाशे वर्षांहून अधिक काळ खपून जे शोधले, त्याचे सार एका वाक्यात सांगता येते. हे औषध आईच्या अंगात फुकट तयार होते. मात्र ते लेकरापर्यंत पोचायला आई आणि लेकरू एका जागी असावे लागते. औषध निसर्गाने दिले, जागा आणि वेळ समाजाने द्यावयाची आहे. या सभेत मालक मंडळी आहेत, अधिकारी आहेत, व्यापारी आहेत, आणि घरोघरच्या सासवाही आहेत. प्रत्येकाच्या हातात एखादे फाटक आहे. कुणाच्या हाती कारखान्याचे, कुणाच्या हाती कचेरीचे, कुणाच्या हाती बाळंतिणीच्या खोलीचे. उद्या त्या फाटकाशी कुणी पोर कडेवर लेकरू घेऊन उभे राहिले, तर भोंग्याची वाट पाहू नका, एवढेच माझे मागणे आहे.